प्रस्तावना : गुडघा का वाकत नाही?

गुडघा बदलून घेतलेल्या माणसाचा पाय पुरेसा वाकेना की घरात, शेजारीपाजारी आणि कधी कधी दवाखान्यातही एकच निदान ऐकू येते : व्यायाम केला नाही. मुलगा म्हणतो, आई फिजिओच्या वेळी पाय आखडून घ्यायची. सून म्हणते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं त्या चालल्याच नाहीत. पुढे पुढे आजीबाईंनाही तेच पटू लागते. या निदानाला पुरावा लागत नाही, म्हणून ते खोडताही येत नाही. प्रस्तुत पुस्तिका त्या पुराव्याविषयी आहे. शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या आत व्रणाच्या ऊती वाजवीपेक्षा जास्त माजतात आणि गुडघा जाम होतो, या विकाराला वैद्यकात आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. तो एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय यांच्या मदतीने कसा ओळखायचा आणि यांपैकी कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हा या पुस्तिकेचा विषय.

असे पुस्तक मालेगावात बसून लिहिण्याला कारण आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी मोसम नदीकाठचे हे गाव वाढवले, आणि आजही ते यंत्रमागांवर चालते. मागावरचा कामगार बारा-बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. घरी कांड्या भरणाऱ्या बायका जमिनीवर बसून काम करतात. आसपासच्या कसमादे पट्ट्यात कांद्याची लागवड आणि निंदणी उकिडवे बसून होते. मशिदीत नमाज, मंदिरात पूजा, लग्नाच्या पंगती, गावाकडचा शौचकूप, या सगळ्यांत गुडघ्याची घडी घालावी लागते. पाश्चात्त्य पुस्तकात ‘चांगला वाकणारा गुडघा’ म्हणून ज्याची नोंद होईल, तो इथल्या माणसाला अपुरा वाटू शकतो. म्हणून मोजमापाची भाषा आधी पक्की करायला हवी.

सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकला तरी भागते. जिना चढायला ८०-८५ अंश लागतात, आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायला ९० ते १०५. मांडी घालणे, उकिडवे बसणे किंवा नमाजात टाचांवर बसणे यांसाठी मात्र ११० अंशांच्या बरेच पुढे, काही आसनांत दीडशेच्या आसपास जावे लागते. नेहमीचा कृत्रिम सांधा चांगला बसला तर बहुतेकांना ११० ते १२० अंश मिळतात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर मांडी घालता आली नाही, तर तेवढ्यावरून आत व्रण माजला असे म्हणता येत नाही. ती बऱ्याच अंशी या सांध्याचीच मर्यादा आहे, आणि ती शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. नव्वदीलाही न पोचणारा गुडघा हा वेगळा प्रश्न आहे. ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

वाकण्याइतकेच सरळ होणेही महत्त्वाचे, आणि तिकडे लक्ष कमी जाते. गुडघा दहा-पंधरा अंश वाकलेलाच राहिला तर उभे असताना मांडीच्या स्नायूला क्षणभरही विश्रांती मिळत नाही. मागावर पाळी करणाऱ्या माणसाला न वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा असा पूर्ण न सुटणारा गुडघा लवकर घरी बसवतो.

गुडघेरोपण ही फार जुनी गोष्ट नाही. आजच्या सांध्याचा पूर्वज मानला जाणारा ‘टोटल कॉन्डिलर’ हा सांधा १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत वापरात आला. त्यामागे जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत होते. महाराष्ट्रातल्या घराघरांत ही शस्त्रक्रिया पोचली ती मात्र ऑक्टोबर २००० मध्ये, जेव्हा याच डॉ. राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला. जून २००१ मध्ये उजवा बदलला. रोजच्या बातम्यांमधून लोकांना प्रथमच कळले की झिजलेला गुडघा बदलता येतो. त्यानंतरचा मोठा टप्पा ऑगस्ट २०१७ चा. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला मर्यादा घातली. त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. पुढाऱ्यांची आणि श्रीमंतांची समजली जाणारी शस्त्रक्रिया आता शिक्षक, दुकानदार, शेतकरी, मागमालक यांच्या आवाक्यात आली आहे.

शस्त्रक्रिया आवाक्यात आली, पण तिच्यानंतरची देखरेख तितकी आली नाही. मालेगावचा रुग्ण मुंबई-आग्रा महामार्गाने शंभर किलोमीटरवरच्या नाशिकला, नाहीतर त्याच्या निम्म्या अंतरावरच्या धुळ्याला, कधी थेट मुंबईला जातो. शस्त्रक्रिया एका शहरात, टाके काढणे दुसरीकडे, फिजिओ गल्लीतला. तीन ठिकाणची तीन माणसे तो गुडघा पाहतात, पण कोणत्या आठवड्यात तो किती अंश वाकत होता याचा एकही कागद नसतो. पुढे अडचण आली की मग आठवणींवर वाद होतो.

व्रण ही मुळात शरीराची शिवणच आहे. चिरलेली जागा भरून काढण्यासाठी तंतुपेशी गोळा होतात, कोलॅजन नावाचे प्रथिन विणतात, आणि काम झाले की मागे हटतात. काही गुडघ्यांत त्या हटत नाहीत. टीजीएफ-बीटा या वाढ-घटकाच्या प्रभावाने त्यांचे आकुंचन पावणाऱ्या पेशींत रूपांतर होते. त्या कोलॅजन साठवत राहतात आणि ते ओढून घट्टही करतात. गुडघ्याच्या वाटीच्या वर मांडीच्या हाडापुढे एक पोकळ पिशवी असते. गुडघा वाकताना ती उलगडते. तीच व्रणाने भरली की वाकणे थांबते. वाटीखालचा चरबीचा गोळा आणि स्नायुबंध नडगीच्या हाडाला चिकटले की वाटी खाली ओढली जाते. मागची आवरणपिशवी जाड झाली की पाय सरळ होत नाही. कुठे व्रण आहे यावर काय अडते हे ठरते, आणि म्हणूनच तो ‘आहे’ एवढे कळणे पुरत नाही.

असे किती जणांना होते? व्याख्या आणि मोजणी वेगळी असल्याने आकडे बदलतात. बहुतेक अभ्यासांत ते शंभरात तीन ते दहा या दरम्यान येतात. ही गफलत कमी व्हावी म्हणून २०१६ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकमताने व्याख्या ठरवली. शस्त्रक्रियेपूर्वी नसलेल्या मऊ ऊतींच्या तंतुमयतेमुळे हालचाल कमी झाली असेल, आणि हाडाचा अडथळा, सांध्याची चुकीची बसवणूक, जंतुसंसर्ग, वेदनेचा स्वतंत्र विकार यांसारखी दुसरी कारणे नसतील, तरच त्याला हे नाव द्यायचे. गुडघा ९० ते १०० अंश वाकत असेल तर सौम्य, ७० ते ८९ असेल तर मध्यम आणि ७० च्या खाली असेल तर तीव्र. सरळ होण्यात ५ ते १० अंश कमी असतील तर सौम्य, ११ ते २० मध्यम, २० च्या वर तीव्र. या व्याख्येचा निम्मा भाग ‘काय नसावे’ याचा आहे. तपासण्यांचा क्रम त्यातूनच निघतो : व्रण शोधायच्या आधी, व्रणासारखा भासणारा दुसरा दोष शोधायचा.

त्यातला पहिला संशयित जंतुसंसर्ग. रक्तातील ईएसआर व सीआरपी आणि गरज पडल्यास सांध्यातून सुईने काढलेले पाणी, याला कोणत्याही चित्राची सर येत नाही. संसर्ग असलेल्या गुडघ्याला व्रण समजून जोर लावणे धोक्याचे आहे.

दुसरा टप्पा साध्या एक्स-रेचा. एक्स-रेत व्रण दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्याचा अर्थ ‘आत काही नाही’ असा घेतला जातो, तो चूक. मात्र एक्स-रे अनेक गोष्टी सांगतो : धातूचा भाग सैल झाला आहे का, मोठ्या मापाचा बसला आहे का, मऊ भागात नको तिथे हाड तयार झाले आहे का, आणि वाटी कुठे आहे. वाटीची उंची मोजण्याचे एक सोपे गुणोत्तर इन्सॉल आणि साल्व्हाटी यांनी १९७१ साली दिले : वाटीखालच्या स्नायुबंधाची लांबी भागिले वाटीची लांबी. ते साधारण एकच्या आसपास असते, ०.८ च्या खाली गेले तर वाटी खाली आली आहे असे समजतात. शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या एक्स-रेत ते ठीक होते आणि तीन महिन्यांनी घसरले, तर स्नायुबंध व्रणाने आखडला असावा असा तो पुरावा आहे. पण त्यासाठी पहिला एक्स-रे हाताशी हवा. डिस्चार्जचा कागद जपणारे घर फिल्म मात्र भिंतीमागे वाळवीच्या स्वाधीन करते, हा इथला नेहमीचा अनुभव.

तिसरा प्रश्न सांधा फिरलेला तर नाही ना, हा. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडावरचा धातूचा भाग आतल्या बाजूला वळून बसला असेल तर गुडघा दुखतो आणि आखडतो. समोरून घेतलेल्या एक्स-रेत हे वळण नीट कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये ते अंशांत मोजता येते. असे वळण सापडले तर कितीही व्यायाम, कितीही ओढाताण करून उपयोग नाही. विचार सांधा पुन्हा बसवण्याचा करावा लागतो. ‘व्यायाम केला नाही’ हा आरोप या जागी सर्वांत अन्यायाचा ठरतो.

हे सगळे वगळल्यावर मग व्रण थेट पाहायचा. त्याची दोन साधने आहेत, आणि त्यांतले एक तालुक्याच्या गावातही असते. सोनोग्राफीच्या लहरी धातूच्या पार जात नाहीत. पण आपल्याला पाहायची ती वाटीवरची पिशवी धातूच्या पुढे, कातडीखाली असते. तिथले आवरण किती जाड झाले आहे हे मिलिमीटरमध्ये मोजता येते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात आर्थ्रोफायब्रोसिस झालेल्या गुडघ्यांत हे आवरण तीन मिलिमीटरपेक्षा जाड आणि डॉपलरवर जास्त रक्तप्रवाह असलेले आढळले. रक्तप्रवाहाची ही खूण मोलाची आहे, कारण अजून धुमसणारा व्रण आणि थंडावलेला व्रण यांत ती फरक करू शकते. शिवाय प्रोब ठेवून गुडघा वाकवायला सांगितले की पिशवीचे दोन पदर एकमेकांवरून सरकतात की चिकटून राहतात हे डोळ्यांसमोर दिसते. प्रोबने दाबल्यावर हलते ते पाणी, न हलणारी जाड ऊती. पाणी असेल तर त्याच वेळी सुई घालून नमुना घेता येतो.

सोनोग्राफीच्या दोन मर्यादा आहेत. एक, सांध्याच्या मागची आणि खोलची बाजू तिला नीट दिसत नाही. दुसरी, ती पाहणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. पोटाची सोनोग्राफी रोज करणाऱ्याला बदललेल्या गुडघ्याची सवय असेलच असे नाही. त्यात आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते. हा कायदा हवाच. पण त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञाच्या टेबलाशेजारी यंत्र असणे दुर्मीळ राहते, आणि रुग्णाला चिठ्ठी घेऊन सोनोग्राफी सेंटर गाठावे लागते. ती चिठ्ठी कशी लिहावी यावर या पुस्तिकेत भर आहे.

दुसरे साधन एमआरआय. इथे एक भीती आधी दूर केली पाहिजे. ‘गुडघ्यात धातू आहे, आता एमआरआय होत नाही’ असे रुग्ण सर्रास मानतात. कृत्रिम गुडघ्याचे मिश्रधातू चुंबकाकडे खेचले जाणारे नसतात, आणि असा गुडघा असलेल्या व्यक्तीचा एमआरआय सामान्यतः सुरक्षितपणे होतो. जुन्या पेसमेकरची गोष्ट वेगळी. सांध्याचे कार्ड सोबत न्यावे आणि तंत्रज्ञाला आधी सांगावे, हे मात्र खरे. अडचण आहे ती चित्राच्या स्पष्टतेची. एमआरआय यंत्र चुंबकीय क्षेत्राच्या बारीक चढउतारावरून शरीरातला प्रत्येक ठिपका कुठला हे ठरवते. धातूच्या आसपास हे क्षेत्र वेडेवाकडे होते. ठिपक्यांचे पत्ते चुकतात, कुठे काळी भोके पडतात, कुठे पांढरे ढिगारे साचतात. टायटॅनियमपाशी हे कमी होते, कोबाल्ट-क्रोमियमपाशी जास्त. आणि आपल्याला पाहायचा व्रण नेमका त्या धातूला लागूनच असतो.

यावर उपाय हळूहळू सापडले. ३ टेस्लाच्या शक्तिशाली यंत्रापेक्षा १.५ टेस्लाचे यंत्र इथे बरे. संदेश टिपण्याची बँडविड्थ वाढवायची, ग्रेडियंट एकोऐवजी फास्ट स्पिन एको वापरायचा, चरबीचा संदेश दाबायला स्टिर ही पद्धत घ्यायची : एवढ्या बदलांनीही साध्या यंत्रावर चित्र बरेच सुधारते. २००९ साली सेमॅक आणि मॅव्हरिक या दोन पद्धती पुढे आल्या आणि धातूला चिकटून असलेला भागही वाचता येऊ लागला. बदललेल्या सांध्यांच्या एमआरआयची ही विद्या वाढवण्यात डॉ. हॉलिस पॉटर यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांचे काम त्याच न्यूयॉर्कच्या संस्थेत झाले जिथे टोटल कॉन्डिलर सांधा तयार झाला होता.

अशा चित्रात मुरलेला व्रण काळपट दिसतो. वाटीवरची पिशवी बुजलेली, वाटीखालच्या चरबीत गडद पट्टे, बाजूचे आवरण जाड, मागची पिशवी ताठ : कुठे किती, याचा नकाशाच मिळतो. जंतुसंसर्गात आवरण पदरापदरांचे आणि पाणेरी चमकदार दिसते, प्लॅस्टिक झिजून सुटलेल्या कणांनी होणारी सूज आणखी वेगळी. म्हणून एमआरआय पाहणाऱ्याच्या हाती नुसता ‘व्रण आहे’ एवढाच निष्कर्ष नसतो. दुसऱ्या दिशेची शंकाही तो दाखवू शकतो.

पुढचे पाऊल पेशींच्या हालचालीचे आहे. सक्रिय तंतुपेशींना चिकटणारा एफएपीआय नावाचा किरणोत्सारी मागोवक जर्मनीत हायडलबर्ग येथे कर्करोगाच्या तपासणीसाठी विकसित झाला. व्रण अजून वाढतो आहे की थांबला आहे हे पेट स्कॅनमध्ये त्याच्या साहाय्याने पाहता येईल का, यावर संशोधक काम करत आहेत. आज ते रोजच्या उपचारात नाही, आणि कोणी ते विकायला आले तर रुग्णाने सावध राहावे.

आता या सगळ्या चित्रांची मर्यादा सांगितली नाही तर प्रस्तावना फसवी ठरेल. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक गुडघ्यात थोडाफार व्रण असतोच. १२० अंश वाकणाऱ्या, मजेत जिना चढणाऱ्या माणसाचा एमआरआय काढला तरी त्यात काळपट पट्टे सापडतील. चित्राला अर्थ येतो तो अंशांच्या नोंदीमुळे. गोनिओमीटर म्हणजे कोन मोजायची पट्टी. तिने शस्त्रक्रियेआधी, दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी घेतलेली चार मापे नसतील, तर हजारो रुपयांचा एमआरआय अर्धवटच बोलतो. त्यातही शस्त्रक्रियेआधीचे माप सर्वांत महत्त्वाचे, कारण आधी जेमतेम ८० अंश वाकणारा गुडघा नंतरही फार पुढे जाण्याची शक्यता कमी असते. ‘शेजारणीचा वाकतो, माझा का नाही’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्या पहिल्या मापात असते.

आणि वेळ. व्रण कोवळा असताना भूल देऊन गुडघा वाकवला तर तो सुटतो. हा उपाय साधारण पहिल्या बारा आठवड्यांत केला तर यश जास्त. त्यानंतर व्रण मुरतो. तेव्हा तोच जोर लावला तर हाड मोडण्याचा किंवा स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो आणि दुर्बिणीतून व्रण सोडवण्याचा मार्ग घ्यावा लागतो. सांधाच चुकीचा बसला असेल तर दोन्ही मार्ग बंद. म्हणजे सहाव्या ते बाराव्या आठवड्यामधला काळ निर्णयाचा. नेमका हाच काळ आपल्याकडे ‘अजून थोडा व्यायाम करून बघा’ यात निघून जातो. घरातली दोन माणसे पाय धरून जबरदस्तीने वाकवतात तेही याच काळात. फार आक्रमक ओढाताणीने सूज वाढून व्रणाला उलट चालना मिळते, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

पुस्तिकेची रचना या क्रमानेच केली आहे. पहिल्या भागात घरी आणि फिजिओकडे अंश कसे मोजायचे व कसे लिहून ठेवायचे ते आहे. दुसऱ्या भागात एक्स-रे, रक्ततपासणी आणि सीटी, तिसऱ्यात सोनोग्राफी, चौथ्यात एमआरआय. शेवटच्या भागात डॉक्टरांनी तपासणीच्या चिठ्ठीवर काय लिहावे याचे नमुने आहेत. ‘एमआरआय गुडघा’ एवढे लिहिलेली चिठ्ठी नेहमीच्या पद्धतीचे, धातूने काळवंडलेले चित्र आणते आणि पैसे वाया जातात. सांधा कोणत्या धातूचा, शस्त्रक्रिया केव्हाची, आज किती अंश वाकतो आणि किती सरळ होतो, संसर्गाच्या तपासण्या झाल्या का, आणि शंका नेमकी कसली, या पाच गोष्टी लिहिल्या तर धातूसाठीची वेगळी पद्धत वापरायची हे सेंटरला आधीच कळते.

हे लेखन रुग्णासाठी आहे, त्याच्या घरच्यांसाठी आहे, आणि गल्लीतल्या फिजिओसाठी तर आहेच, कारण आखडणारा गुडघा सर्वांत आधी त्याच्या हाताला लागतो. सर्व आखडलेल्या गुडघ्यांचा एमआरआय काढावा असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांना पट्टी, एक्स-रे आणि एक चांगली सोनोग्राफी पुरेल. आमचे म्हणणे इतकेच की सहाव्या आठवड्याला गुडघा नव्वद अंशांच्या अलीकडे अडला असेल, तर रुग्णाला दोष देण्याआधी कारण शोधावे, आणि ते बारावा आठवडा उलटण्याच्या आत शोधावे. व्यायाम कमी पडला असेल तर तेही त्यातून कळेल, आणि मग तसे सांगायला हाती पुरावा असेल.

मालेगाव